'शुद्ध अरबी' म्हणून मागितलेली किंमत आणि रपेटीचा एक अबलख घोडा

मैत्रिणीला रपेटीसाठी घोडा घ्यायचा होता. शर्यत नाही, उड्या नाहीत, पैदास तर अजिबातच नाही. आठवड्यातून चार दिवस दीड-दोन तास मोकळ्या वाटांवरून जायचं, कधी एकटीने कधी सोबतीने, मध्ये थोडा रहदारीचा रस्ता लागणार, बस एवढंच, म्हणजे ज्याला हॅकिंग म्हणतात ते. तिचं वय पन्नाशीच्या पुढे, बैठक चांगली आहे पण मध्ये बरीच वर्षं खंड पडलेला, आणि एकदा जोरात पडल्यामुळे मनात भीती घर करून बसलेली. हे आधीच सांगतेय कारण पुढे किंमतीचा जो काही हिशोब झाला तो सगळा या गरजेवरून झाला, आणि घोडा बघायला निघालेली माणसं नेमकी हीच गोष्ट पहिल्यांदा विसरतात.

तिने मला जाहिरात पाठवली. शुद्ध अरबी गेल्डिंग (खच्ची केलेला नर), वय ९, उंची १५.२ हँड, दुर्मिळ अबलख रंग, रपेटीला अतिशय शांत, कागदपत्रांसह. फोटो खरंच सुंदर होते, मान उंच, शेपूट वर, तपकिरी अंगावर मोठेमोठे पांढरे पट्टे. आणि किंमत बघून ती म्हणाली, "अगं महाग आहे पण अरबी आहे ना, तेवढे पडणारच." इथेच मी तिला थांबवलं.

पैशाचे आकडे जागेनुसार आणि वर्षानुसार बदलतात, म्हणून इथे मागितलेली किंमत १०० धरते आणि बाकी सगळं त्याच मापात सांगते. आम्ही दोघींनी साधारण दीड महिना रपेटीच्या घोड्यांच्या जाहिराती जमवल्या, गेल्डिंग, ८ ते १४ वर्षं, उंची १४.२ ते १५.२ हँड, रस्त्यावर आणि एकटं चालण्याचा अनुभव असलेले. १४ सापडल्या. त्यातल्या बहुतेक ५५ ते ६५ च्या मध्ये, एक ४५ ला, एक ७५ ला. शिवाय या मागितलेल्या किंमती, मिळालेल्या नव्हेत, दोन घोडे तर आमच्या डोळ्यांदेखत महिन्याभरात खाली आले. म्हणजे आमच्या घोड्यावर जे वरचे ४० लावले होते ते दोन शब्दांचे होते, 'अरबी' आणि 'दुर्मिळ'. तेवढ्या पैशात काय मिळतंय हे तपासायलाच हवं होतं.

रंगापासून सुरुवात केली कारण ते घरबसल्या होतं. घोडा अबलख होता खरा, पण अबलख म्हणजे एकच प्रकार नाही. याच्या पाठीवरून पांढरा पट्टा आरपार गेलेला, दोन्ही बाजूंना सलग, कडा स्वच्छ कापल्यासारख्या, चारही पाय पांढरे, शेपूट दोन रंगांची, पण तोंड मात्र साध्या घोड्यासारखं तपकिरी, कपाळावर फक्त एक चांदणी. या नक्षीला टोबियानो म्हणतात. आणि टोबियानो शुद्ध अरबी घोड्यात नसतो, शुद्ध थरोब्रेडमध्येही, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीतही, नसतो. अरबीमध्ये पांढरं येतं, नाही असं नाही, पाय उंचपर्यंत पांढरे, पोटाखाली शिंतोडे, तोंडावर रुंद पट्टा, पण त्याच्या कडा फाटक्या-विस्कटलेल्या असतात आणि त्यामागचे जनुकीय बदल वेगळे.

टोबियानोचं वैशिष्ट्य असं की तो प्रभावी गुण आहे, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी दिसतो, आणि घोड्यात दिसतोय म्हणजे आई किंवा बाप यांच्यापैकी किमान एकात तो असलाच पाहिजे. पिढ्या ओलांडून लपून वगैरे येत नाही. त्यामुळे या घोड्याच्या आई-बापांपैकी एकजण तरी शुद्ध अरबी नव्हता, हे फोटो बघूनच जवळजवळ नक्की होतं. जवळजवळ म्हणतेय कारण फोटोवरून नक्षी ओळखण्यात चूक होऊ शकते. आयाळीचे मुळासकट २०-३० केस प्रयोगशाळेत पाठवले की टोबियानोची चाचणी होते, घोड्याच्या किंमतीपुढे तिचा खर्च काहीच नाही. आम्ही पुढे विकणाऱ्या बाईंच्या परवानगीने ती केली आणि जनुकाची एक प्रत आहे असं उत्तर आलं.

एक बारीक गोष्ट इथे सांगायलाच हवी नाहीतर अन्याय होईल. पिंटाबियन नावाची एक जात आहे, पिढ्यानपिढ्या अरबीशी संकर करून ९९ टक्क्यांपेक्षा जास्त अरबी रक्त आणि त्यावर टोबियानो रंग अशी ती मुद्दाम तयार केली आहे. म्हणजे असा घोडा जवळपास पूर्ण अरबी असू शकतो. पण मग तसे नोंदणीचे कागद असतात, आणि तरीही त्याला शुद्ध अरबी म्हणत नाहीत.

रंगावरून वंशावळ पकडायची अशीच दुसरी सोपी युक्ती मला फार आवडते. कागदावर आई आणि बाप दोघेही चेस्टनट म्हणजे तांबूस लिहिलेत आणि समोर उभा घोडा कुमैत आहे, काळी आयाळ काळी शेपूट, तर काहीतरी चुकलंय, कारण दोन चेस्टनटचं शिंगरू चेस्टनटच होतं. तसंच राखाडी म्हणजे सब्जा घोड्याच्या पालकांपैकी एक तरी सब्जा हवाच. हे दोन नियम कागद हातात आल्यावर दोन मिनिटांत लावून बघता येतात, पैसे लागत नाहीत.

आता कागदांकडे. मैत्रिणीने फोनवर विचारलं, "वंशावळ आहे का, आई-बापाची नावं, स्टडबुकचा नंबर?" स्टडबुक म्हणजे जातीची वंशनोंदवही. त्यावर उत्तर आलं, "पासपोर्ट आहे ना, त्यात अरब लिहिलंय." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की याच्यावर सावकाश लिहिते.

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये प्रत्येक घोड्याला पासपोर्ट सक्तीचा आहे, प्रत्येक म्हणजे कुंपणाआड चरणाऱ्या म्हाताऱ्या पोनीलासुद्धा. त्यामुळे पासपोर्ट असणं म्हणजे जातिवंत असणं नाही. तो ओळखीचा कागद आहे. जातीच्या संघटनेने शिंगरू असताना आई-बाप तपासून दिलेला पासपोर्ट वेगळा, आणि मालकाने अर्ज भरून नुसत्या ओळखीसाठी काढलेला वेगळा. दुसऱ्या प्रकारात जात या रकान्यात मालक सांगेल ते लिहिलं जातं, आणि आई-बापाची जागा रिकामी किंवा 'माहीत नाही' अशी असते. आमच्या घोड्याचा पासपोर्ट हातात आला तेव्हा नेमकं तेच होतं. जात अरब, बाप माहीत नाही, आई माहीत नाही. आणि पासपोर्ट काढल्याची तारीख बघितली तर घोडा तेव्हा ४ वर्षांचा असल्याचं लिहिलेलं, म्हणजे पूर्ण वाढलेला घोडा कुणीतरी नेला आणि तोंडी माहितीवर कागद बनला.

खऱ्या नोंदणीकृत अरबीच्या किंवा थरोब्रेडच्या मागे किती कडक व्यवस्था असते हे माहीत असलं की असल्या कागदाचं वजन आपोआप कळतं. थरोब्रेडचं जनरल स्टडबुक पहिल्यांदा १७९३ मध्ये खंडरूपात निघालं आणि तेव्हापासून ती साखळी लिहिली जातेय, आज तर शिंगराचा डीएनए आई-बापाशी जुळल्याशिवाय नोंद होत नाही. अरबीतही नोंदणीसाठी आई-बाप डीएनएने सिद्ध करावे लागतात. म्हणून 'शुद्ध आहे पण कागद हरवले' हे ऐकलं तर शांतपणे म्हणायचं की मग चिपचा नंबर द्या, संघटनेकडे विचारते. चिपचा नंबर १५ अंकी असतो, चिप मानेच्या डाव्या बाजूला, कान आणि खांद्याच्या उंचवट्याच्या साधारण मध्यावर बसवलेली असते, कुठलाही घोड्यांचा डॉक्टर यंत्राने वाचून देतो. आमच्या घोड्याची चिप पासपोर्टशी जुळली, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांची चित्रंही जुळली, म्हणजे घोडा तोच होता. फक्त त्याच्याबद्दल लिहिलेलं कुणी तपासलेलं नव्हतं.

केसांवरून जात सांगणाऱ्या डीएनए चाचण्याही मिळतात. मैत्रीण म्हणाली तीच करून टाकू. मी नको म्हटलं. ती चाचणी घोड्याचे नमुने साठवलेल्या जातींशी ताडून सगळ्यात जवळच्या दोन-तीन जाती सांगते, कुतूहल म्हणून छान आहे, पण शुद्धतेचा पुरावा म्हणून चालत नाही. पुरावा म्हणजे पालकत्वाची चाचणी, आणि तिला आई-बापाचे नमुने लागतात, जे इथे नव्हतेच.

मग "पण तो दिसतो तर अरबी!" दिसत होताच. नाकाड जरा खोलगट, पाठ आखूड, उत्साहात आला की शेपूट झेंड्यासारखी वर. अर्ध्या रक्ताच्या घोड्यातही हे सगळं येतं, शिवाय दुसऱ्या कितीतरी घोड्यांची शेपूट जोशात आली की वर जाते. अरबीला १७ बरगड्यांच्या जोड्या आणि कमरेचे ५ मणके असतात, बाकी घोड्यांना १८ आणि ६, असं सांगणारे भेटतात. अरबीत तसं पुष्कळदा आढळतं, सगळ्यात आढळतं असं नाही, आणि बाहेरून हात लावून मोजणाऱ्याच्या हिशोबावर मी तरी पैसे देणार नाही.

या सगळ्यानंतर आम्ही ठरवलं की जातीला या खरेदीत शून्य किंमत द्यायची. नोंदणीकृत असता तरी फार दिली नसती. गेल्डिंग आहे, त्याची वंशावळ पुढे जाणार नाही. घोडी असती आणि शिंगरू घ्यायचं असतं, किंवा जातीच्या प्रदर्शनात उतरवायचं असतं, तर कागदाला पैसे मोजण्यात अर्थ होता. लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी अरबी रक्त मागणंही समजू शकते, पण तिथेही वंशावळीपेक्षा त्या घोड्याने स्वतः किती अंतर पार केलंय याची नोंद जास्त बोलते. रपेटीला जात एकाच ठिकाणी खरी उपयोगी पडते ती म्हणजे आनुवंशिक आजार. क्वार्टर हॉर्स घेताना एचवायपीपी या स्नायूंच्या आजाराची चाचणी झालीय का हे विचारायलाच हवं, तो इम्प्रेसिव्ह नावाच्या एकाच प्रसिद्ध स्टॅलियनच्या (पैदाशीच्या नराच्या) वंशात पसरला. क्वार्टर हॉर्स आणि बेल्जियनसारख्या भारी घोड्यांत पीएसएसएम हा स्नायूंचा दुसरा आजार बघावा लागतो. हे कळायला खरी जात माहीत असणं बरं असतं.

वयाने मात्र आम्हाला जातीपेक्षा मोठा धक्का दिला. पासपोर्ट ४ व्या वर्षी तोंडी माहितीवर निघाला होता म्हणजे जन्मवर्षही तोंडीच, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं. वरच्या कोपऱ्यातल्या पुढच्या दातावर एक उभी तपकिरी खाच असते, गॅल्वेनची खाच म्हणतात, ती साधारण १० व्या वर्षी हिरडीपाशी दिसू लागते, १५ च्या आसपास अर्ध्या दातापर्यंत येते आणि २० ला पूर्ण. आमच्या घोड्यात ती अर्ध्याच्या थोडी अलीकडे होती. १० च्या पुढे दातांवरून वय अंदाजेच सांगता येतं, खाण्यावर आणि दातांच्या ठेवणीवर झीज अवलंबून असते, म्हणून डॉक्टरांनी लिहिलं १२ ते १४. रपेटीला १३ वर्षांचा घोडा वाईट अजिबात नाही, उलट भीती असलेल्या स्वारासाठी मी तेच वय सुचवते, पण ९ वर्षांच्या घोड्याचे पैसे देऊन १३ चा घेणं म्हणजे चार कामाची वर्षं हातची गेली.

उंची १५.२ लिहिली होती, पट्टीने १५ भरली. एक हँड म्हणजे ४ इंच आणि टिंबानंतरचा आकडा इंच, दशांश नव्हे, म्हणजे १५.२ हे साडेपंधरा हँड, १५७ सेंटिमीटर, आणि आमचा १५२. मैत्रिणीचं वजन खोगिरासकट ८० किलोच्या आत, घोडा साधारण ४३०, एक पंचमांशापेक्षा कमी, त्यामुळे चिंता नव्हती.

आता जे खरं बघायचं होतं ते, म्हणजे घोडा कामाला कसा आहे.

पहिल्या भेटीला आम्ही पोचलो तेव्हा घोडा खरारा करून, खोगीर चढवून तयार उभा होता. मी तंगाखाली, म्हणजे खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याखाली, हात घातला तर केस दमट. विचारलं, "सकाळी फिरवलाय का याला?" बाई थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हो, तासभर. शांत दिसावा म्हणून." त्यांनी खरं सांगितलं याचं मला बरं वाटलं, पण त्या दिवशीचं बघणं आम्ही धरलं नाही. तीन दिवसांनी पुन्हा गेलो, आधी सांगून ठेवलं की दोन दिवस कुणी बसायचं नाही आणि आम्ही येईपर्यंत तो कुरणातच राहू दे.

त्या दिवशी मैत्रिणीने स्वतः जाऊन पकडला, आला. चारही पाय उचलून दिले. खोगीर चढवताना कान थोडे मागे घेतले एवढंच, तंग आवळताना चावायला वळला नाही. आधी बाई बसल्या, मग मी, मग ती, हा क्रम मी कधीच सोडत नाही, मालक स्वतः बसायला तयार नसेल तर तिथून परत यायचं. रिंगणात आम्ही दहा मिनिटंच घालवली कारण रपेटीचा घोडा रिंगणात काय करतो याला फार अर्थ नाही. बाहेर काढला. आधी दुसऱ्या घोड्यासोबत, मागे आणि पुढे दोन्ही. मग एकटा. पागेपासून लांब जाताना पहिल्या वळणावर तो थांबला, मान वर, कान पुढे, जागेवरच. मैत्रिणीच्या चेहऱ्यावर भीती मला लांबूनही दिसली. पण तिने पाय हलकेच लावले, आठ-दहा सेकंद गेली, त्याने एक मोठा श्वास सोडला आणि चालायला लागला. बुजला की उधळणारा घोडा वेगळा आणि थांबून बघणारा वेगळा, तिला दुसराच हवा होता. मागून सायकल आली, ट्रॅक्टर समोरून आला, कुंपणाला अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी फडफडली, कान फिरले, पाय नाही. येताना मुद्दाम पागेच्या फाटकावरून पुढे नेला, तिथे थोडा ओढला गेला पण ऐकलं.

आणि एक गोष्ट मी तिच्याकडून आग्रहाने करून घेतली, अर्ध्या वाटेत उतरायचं आणि एका दगडावरून परत चढायचं. खाली उतरल्यावर घोडा स्थिर उभा राहिला नाही तर एकट्या स्वाराची, त्यात पन्नाशीच्या बाईची, घरापर्यंत पायपीट ठरलेली. तो दोन्ही वेळा पुतळ्यासारखा उभा राहिला. माझ्या हिशोबात त्याची अर्धी किंमत तिथे ठरली.

डॉक्टरांची तपासणी आम्ही आमच्या डॉक्टरांकडून केली, विकणाऱ्यांच्या नव्हे. पाय दुमडून मिनिटभर धरून लगेच दुडकी चालवतात ती फ्लेक्शन चाचणी झाली, त्यात मागचा उजवा पाय पाच-सहा पावलं लंगडला आणि मग सरळ झाला. एक्स-रेमध्ये हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या) खालच्या सांध्यांत झिजेची सुरुवात. डॉक्टर म्हणाले हलक्या रपेटीला हरकत नाही, उड्या आणि रोज जोरात पळवणं नको. रक्ताचा नमुना घेऊन ठेवला, कारण वेदना दडवणारं किंवा शांत करणारं औषध दिलेलं असेल तर नंतर तपासता येतं. खूर चांगले होते, वळ्या सगळीकडे सारख्या, टाचेकडे रुंद होत गेलेल्या नव्हत्या. टाचेकडे पसरलेल्या वळ्या म्हणजे खुरांना पूर्वी लॅमिनायटिस (खुराच्या आतली सूज) झाल्याची शंका. खूर वरून खालपर्यंत वाढायला जवळपास वर्ष लागतं त्यामुळे मागच्या वर्षाची थोडी गोष्ट त्यावर वाचता येते.

मग बोलणी. मैत्रिणीला वाटत होतं की जातीची गोष्ट काढली तर भांडण होईल, तर ती न काढता नुसती किंमत कमी मागू. मी म्हटलं नाही, सगळं समोर ठेवू, आरोप न करता. आम्ही टेबलावर चाचणीचं उत्तर, पासपोर्टचं पान, डॉक्टरांचा कागद ठेवला. बाई बराच वेळ वाचत राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि स्वतःची जुनी पावती घेऊन आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हाच घोडा 'शुद्ध अरबी' म्हणूनच घेतला होता, जवळपास ९० ला. त्यांना कुणी कधी रंगाचं सांगितलंच नव्हतं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, कारण जाहिरात वाचून मी त्यांना मनातल्या मनात लबाड ठरवून टाकलं होतं.

पण त्यांचं झालेलं नुकसान मैत्रिणीने भरून देणं हेही बरोबर नव्हतं. आम्ही ६० पासून सुरुवात धरली, म्हणजे त्या १४ जाहिरातींमधला मधला घोडा. त्यातून वयाचे कमी केले, हॉकचे कमी केले, कारण पुढे डॉक्टर आणि नालबंद यांचा खर्च वाढणार आणि पुन्हा विकायला गेलं तर हाच एक्स-रे समोर येणार. मग रस्त्यावरची आणि एकट्याची चाल, उभं राहणं, यांचे वाढवले, कारण असा घोडा शोधायला तिला अजून सहा महिने लागले असते. आम्ही ५० म्हटलं. बाई म्हणाल्या ६५. दोन दिवसांनी ५६ ला ठरलं, आणि मला आजही ती किंमत योग्य वाटते, दोन्ही बाजूंनी.

पावतीवर आम्ही लिहून घेतलं, जात निश्चित नाही, टोबियानो, वय दातांवरून अंदाजे १२ ते १४, हॉकमधला बदल घेणाऱ्याला माहीत आहे. चिपचा नंबर लिहिला आणि पासपोर्ट तिथेच हातात घेतला. बाईंनी विचारलं, अरब हा शब्द कुठेतरी राहू द्यायचा का. मैत्रीण म्हणाली, "संकर असू शकेल असं लिहा, तेवढं खरं आहे."

हिशोबातून एक गोष्ट मात्र सुटली. त्याची पाठ आखूड आणि रुंद, मैत्रिणीचं जुनं खोगीर मागे कमरेवर टेकत होतं, आणि बाईंचं खोगीर तिला बसेना. नवं करून घ्यावं लागलं, त्याला आणखी ७ गेले. पाठ आम्ही पहिल्याच भेटीत बघितली होती, तेव्हाच खोगीर बसवणाऱ्याला बोलावलं असतं तर हे ७ सुद्धा बोलणीच्या टेबलावर ठेवता आले असते.